साडेसहाचं पाणी

"तिथंच थांबवा," मुख्याधिकारी म्हणाले आणि मी थांबवलं.

नगरपालिकेच्या सभागृहातल्या भिंतीवर आमच्या गावाचा नकाशा पडला होता. निळ्या रेघा म्हणजे पाण्याचे पाइप, मधला चौकोन म्हणजे उंच टाकी. नकाशाच्या कोपऱ्यातलं घड्याळ सकाळचे साडेसहा दाखवत होतं आणि गावाच्या अगदी वरच्या टोकाची रेघ, खाणवस्तीची, गच्च निळी भरली होती.

"म्हणजे वस्तीला पाणी सुटतं."

"हो सर. दर चौथ्या दिवशी, साडेसहा ते सव्वासात. नव्वद दिवसांचं चालवून बघितलंय, वस्तीची एकही खेप चुकत नाही."

"आणि वस्तीतली माणसं सांगतात की तीन महिन्यांत धड चार हंडे भरले नाहीत." त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मग सुटलेलं पाणी जातं कुठं?"

हा प्रश्न मला नव्हता. पण सभागृहातली सगळी डोकी एकदम दाराकडे वळली. दाराशी, व्हॉल्व्ह फिरवायची लांब लोखंडी चावी भिंतीला टेकवून बाळासो खराडे उभे होते. एकोणतीस वर्षं गावाचं पाणी सोडणारे व्हॉल्व्हमन आणि माझे सासरे.

ते भिंतीवरच्या निळ्या रेघेकडे बघत राहिले. समोरच्या बाकावर खाणवस्तीची यल्लव्वा धोत्रे बसली होती, तक्रार तिचीच होती. ती एवढंच म्हणाली, "मी म्हनत हुते न्हवं." मुख्याधिकाऱ्यांनी सासऱ्यांना आठ दिवसांत लेखी खुलासा द्यायला सांगितलं आणि बैठक संपवली. माझे वरिष्ठ केळुसकर सर माझ्या कानाशी येऊन म्हणाले, काम फार सुरेख झालंय. मला बरं वाटलं. सासरे दाराशी आरोपी होऊन उभे असताना मला बरं वाटलं, हे मी आज अकरा वर्षांनी लिहिते आहे, म्हणून ते खोटं ठरत नाही.

आमच्याकडे सासऱ्यांना मामा म्हणतात आणि सासूला आत्या. मी त्या घरात गेले तेव्हा मामांनी अख्ख्या गल्लीला सांगितलं होतं की सून कॉम्प्युटरची इंजिनिअर आहे. पुण्यात माझी नोकरी एका लहानशा कंपनीत होती. आम्ही नगरपालिकांसाठी पाणीपुरवठ्याचं मॉडेल करत होतो. खऱ्या गावात व्हॉल्व्ह न फिरवता संगणकावरच गाव चालवून बघायचं, पाणी कुठे पोचतं, कुठे नाही. त्या मॉडेलच्या पोटात एक सॉफ्टवेअर लायब्ररी होती आणि तिच्यातला वेळापत्रकाचा भाग माझा एकटीचा. परत परत घडणाऱ्या गोष्टी वेळेवर घडवायच्या, एवढंच त्याचं काम. एकदा सांगितलं की दर बारा तासांनी पंप चालू कर, दर चार दिवसांनी हा व्हॉल्व्ह उघड, की तो भाग कधी चुकायचा नाही. मला त्याचा अतोनात अभिमान होता.

पहिलं गिऱ्हाईक म्हणून आमचंच गाव मिळालं, तेही माझ्या ओळखीने. वेळा टिपायला मी गावी गेले आणि चार दिवस पहाटे मामांच्या लुनावर मागे बसून फिरले. त्यांची रीत ठरलेली होती. आधी टाकीपाशी जायचं, टाकीच्या पोटावर चावीने ठोकून आवाज ऐकायचा. मग पेठ, मग बंगल्यांचे प्लॉट, शेवटी चढावरची खाणवस्ती. मी वही काढली आणि विचारलं, पेठेचा व्हॉल्व्ह किती वाजता?

"घड्याळ लिवू नकोस," मामा म्हणाले. "टाकी भरली की पेठ. पेठ बंद झाली की प्लॉट. प्लॉट बंद झाला की वस्ती."

"ते बरोबर आहे, पण साधारण किती वाजता?"

"लाइट कवा येती त्यावर हाय ते, पोरी."

"मामा, मला आकडा लागतो हो. आकड्याशिवाय ते चालत नाही."

ते हसले. सुनेचं अडायला नको म्हणून त्यांनी थोडा विचार केला. "मग पेठ पाच धर. प्लॉट पावणेसा. वस्ती साडेसा."

मी लिहून घेतलं. वस्तीत पोचल्यावर यल्लव्वाने त्यांना कपभर काळा चहा दिला, मलाही दिला. त्या दिवशी वस्तीच्या नळाला करंगळीएवढी धार होती. मामा नळाशी उकिडवे बसून धारेकडे बघत राहिले. यल्लव्वा त्यांना म्हणाली की बाळासो, तुझ्या चावीत जोर राहिला न्हाई. दोघं हसले. त्यांची थट्टा जुनी होती.

उन्हाळा आला, वीज वेळीअवेळी जायला लागली आणि ती धारही आटली. थट्टेची तक्रार झाली. प्लॉटात दोन नगरसेवक राहायचे, त्यांच्या बागा हिरव्या होत्या. वस्तीने दोनात दोन मिळवले: आपलं पाणी तिकडे वळतंय.

बैठकीच्या संध्याकाळी घरी कोणी जेवणात लक्ष देईना. आत्या भाकरी वाढत होत्या आणि माझ्याकडे बघायचं टाळत होत्या. माझा नवरा धनंजय वडिलांना दादा म्हणायचा; तो फोनवर पुण्याहून मला म्हणाला, तू त्यात पडू नकोस, दादांचं दादा बघतील. पण मी पडलेच होते. मामा अंगणात पायरीवर बसून तंबाखू मळत होते. मी जवळ जाऊन बसले. मनात पक्कं होतं की मी त्यांची बाजू घेणार. त्यासाठी मला फक्त काय घडलं ते कळायला हवं होतं.

"मामा, मला खरं सांगा. मी कुणाला बोलणार नाही. वस्तीचं पाणी प्लॉटाकडे वळवलं जातं का?"

मळणारा अंगठा थांबला. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं, नव्याने ओळख करून घेतल्यासारखं.

"तुज्या यंत्रात काय दिसतंय?"

"वस्तीला पाणी येतंय असं दिसतंय."

"मग येत असंल," ते म्हणाले. तंबाखू तोंडात न टाकता त्यांनी ती जास्वंदीच्या बुडाशी झटकली आणि आत गेले.

मी त्याचा अर्थ कबुली असा काढला. हुशार माणसं असंच करतात, समोरचा गप्प बसला की रिकाम्या जागी आपल्याला हवं ते लिहितात. माझी खात्रीच झाली की नगरसेवकांच्या दबावाखाली मामांनी थोडंफार केलं असणार, भिडेखातर, आणि आता ते सांगता येत नाही म्हणून माणूस कुढतोय. मला त्यांची कीव आली. आता ती आठवली की माझ्या अंगाची आग होते.

खुलासा मीच लिहिला. मामांचं शिक्षण सातवी, सरकारी भाषा त्यांना जमणारी नव्हती. मी ओळखीच्या वकिलाला फोन करून विचारलं. तो म्हणाला, साफ नाकारलं तर निलंबन आणि चौकशी, निवृत्तीला चौदा महिने राहिलेत, सगळं अडकेल. थोडी हयगय मान्य करा, समज देऊन सोडतील. मी सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'व्हॉल्व्ह उघडण्याच्या कामी माझ्याकडून अनवधानाने हयगय झाली असण्याची शक्यता नाकारता येत नाही.' वाक्य मला आवडलं होतं. त्यात सगळं होतं आणि काहीच नव्हतं.

मी ते मामांना वाचून दाखवलं. त्यांनी विचारलं, "ह्यात चोरी असं कुटं लिवलं न्हाई न्हवं?"

"नाही मामा. फक्त हयगय."

"हयगय म्हंजे?"

"म्हणजे लक्ष कमी पडलं."

त्यांनी कागद हातात घेतला. आत्या आतून म्हणाल्या की तुम्ही त्या नळाशी तास तास बसायचा, ते लिहा की. मी म्हटलं, आत्या, त्याला पुरावा नाही.  मामांनी सही केली. सही करताना ते दर वेळी करायचे तसं नाव मोठ्याने उच्चारत होते, बाळासो गणपती खराडे.

समज देऊन कोणी सोडलं नाही. हयगय मान्य केल्याचा कागद हातात आल्यावर मुख्याधिकाऱ्यांनी त्यांना पाण्याच्या कामावरून काढून कोंडवाड्यावर बसवलं. मोकाट जनावरं आणून कोंडायची, मालक आला की सोडायची. चावी एका कंत्राटी माणसाकडे गेली. आमच्या कंपनीला मात्र त्या अहवालावर आणखी बारा नगरपालिकांचं काम मिळालं. 'मॉडेलमुळे गळतीचं मानवी कारण उघड', असं केळुसकर सरांच्या सादरीकरणात एक पान होतं. मानवी कारणाचं नाव त्यांनी घातलं नव्हतं, तेवढं सौजन्य होतं.

पुढच्या खेपेला गावी गेले तेव्हा यल्लव्वा घरी आली. पदराखाली झाकून तिने माझ्यासाठी शेंगदाण्याची पोळी आणली होती. मामा आतल्या खोलीत होते, दार उघडं होतं. तिने माझ्या गालावरून हात फिरवला.

"घरचा मानूस असून तू खरं काडलंस, पोरी. माज्या लेकीनं बी केलं नसतं." मग आवाज न उतरवता म्हणाली, "तीस वरसं त्येला च्या पाजला मी."

मी काय बोलले ते मला आठवत नाही. बहुधा नुसती हसले. ती गेल्यावर पोळी ओट्यावर पडून राहिली, आत्यांनी ती गायीला घातली. मामा बाहेर आले, चपला घातल्या आणि कोंडवाड्याकडे गेले. सुट्टीचा वार होता.

चूक सापडली ती त्यानंतर पाच महिन्यांनी, ऑफिसात, भर दुपारी. दुसऱ्या एका गावाचं मॉडेल मी तपासत होते. तिथे खालच्या भागाला पाणी कमी पडतंय असं मॉडेल सांगत होतं आणि त्या भागातून एकही तक्रार नव्हती. उलट शेवटचा भाग ओरडत होता आणि मॉडेलमध्ये तो तुडुंब. मी वैतागून तिथल्या एका सकाळचा मिनिटामिनिटाचा हिशेब काढला. मॉडेलमध्ये भरलेल्या विजेच्या नोंदींप्रमाणे त्या दिवशी वीज दोन तास उशिरा आली होती. टाकी उशिरा भरली. पण व्हॉल्व्ह थांबलेच नव्हते. पहिला ठरल्या वेळी अर्ध्या टाकीवर उघडला आणि आपल्या वेळेला बंद झाला, दुसरा तसाच, शेवटचाही त्याच्या वेळेला, तोवर टाकी चांगली भरत आलेली. माझा वेळापत्रकाचा भाग कधीच चुकत नव्हता, तो असा.

जगातला कुठलाही व्हॉल्व्हमन असं करत नाही. तो टाकी भरेपर्यंत थांबतो, आधीचा भाग पुरा होईतो पुढच्याला हात लावत नाही. सगळा उशीर सरकत सरकत शेवटच्याच्या वाट्याला येतो आणि त्याच्या वेळेला टाकी तळाला गेलेली असते. 'आधीचं काम संपल्यावर पुढचं' अशी सोय लायब्ररीत हवी, हे मी सुरुवातीला एका चिठ्ठीत लिहिलंही होतं. घड्याळाने चालवणं सोपं होतं म्हणून ते मागे टाकलं आणि मागेच राहिलं.

मी आमच्या गावाचं जुनं मॉडेल उघडलं. नव्वद दिवसांत पेठेला एकोणीस वेळा पाणी कमी पडलं होतं. ते आकडे पहिल्यापासून अहवालाच्या शेवटच्या पानावर होते. पेठेची तक्रार नव्हती, म्हणून ते कोणीच वाचले नव्हते, मीही नाही. मामांनी सांगितली तशी खेपेमागून खेप लावून मी पुन्हा चालवलं. खाणवस्तीची रेघ कोरडी पडली. दिवसामागून दिवस कोरडी. कोणी पाणी वळवलं नव्हतं, एका भरण्यात तिन्ही भागांना पुरायला टाकीच लहान होती.

केळुसकर सरांना दाखवलं. ते माणूस म्हणून वाईट नव्हते, त्यांनी सगळं नीट बघून घेतलं आणि दार लावलं.

"पुढच्या आवृत्तीत दुरुस्त करून टाका," ते म्हणाले.

"आणि त्या अहवालाचं?"

"तुमचे सासरे आहेत, मला कळतंय. पत्र पाठवायचं तर पाठवू, मी सही करतो. पण मग बाराही ठिकाणी पाठवावं लागेल. कंपनी राहणार नाही, तुम्हीही नाही, मीही नाही. तुम्ही ठरवा, खराडे."

त्यांनी माझ्यावर सोडलं, हे त्यांचं कसब. मी आठ दिवस मागितले. त्या आठ दिवसांत मी दुरुस्ती केली, फार चांगली केली, तिचं पुढे कौतुकही झालं. नव्या आवृत्तीच्या टिपणात एक ओळ घातली: 'आवर्ती घटनांच्या उशिराची हाताळणी सुधारली आहे.' पत्राबद्दल त्यांनी पुन्हा विचारलं नाही. मीही तो विषय काढला नाही. धनंजयला मी सांगितलंच नाही.

मामांच्या निवृत्तीला महिना उरला असताना मी एकटी गावी गेले आणि घरी न थांबता कोंडवाड्यावर गेले. ते कडुनिंबाखाली खुर्ची टाकून बसले होते. कुंपणात एक वळू आणि दोन शेरडं होती. मला बघून त्यांनी खुर्ची दिली आणि स्वतः दगडावर बसले. मी एका दमात सगळं सांगितलं. वीज, टाकी, माझं घड्याळ. चूक माझी होती, मामा, तुमची नव्हती. बोलताना मला रडू आलं आणि मी ते आवरलं नाही.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मला ठावं हुतं की."

"काय?"

"पानी वर चडत न्हवतं. मी त्या नळाशी बसून बगत हुतो दर खेपेला. तुला तेच सांगनार हुतो त्या रातीला." त्यांनी कुंपणातल्या वळूकडे पाहिलं. "पर तू इचारलंस, वळवलं का म्हनून. मग म्हटलं, हिला काय सांगायचं."

 मी माफी मागितली. त्यांनी मान हलवली, माफ केलं म्हणून की ऐकलं म्हणून, ते मला कळलं नाही.

"सायबाला सांगितलंस?"

"नाही अजून."

"सांगनार हाईस?"

मी कंपनीचं सांगायला लागले, बारा गावांचं, केळुसकर सरांचं. त्यांनी मला मध्येच थांबवलं, पण आवाज चढवला नाही. उभ्या जन्मात त्यांनी माझ्यावर आवाज चढवला नाही.

"मग मला कशापायी सांगितलंस? मला ठावं असलेलं मलाच सांगून तू मोकळी झालीस. वस्तीत कोन सांगनार?"

 ते खरंच वाट बघत होते, ते माझ्या आजही डोळ्यांसमोर आहे. मला टोचावं म्हणून त्यांनी विचारलं नव्हतं, त्यांना उत्तर हवं होतं. चढावरची ती वस्ती कोंडवाड्यापासून दहा मिनिटांच्या वाटेवर होती. मी उठून गेले असते तर संध्याकाळच्या आत झालं असतं. मग एक शेतकरी वळू सोडवायला आला आणि मामा पावती फाडायला उठले.

मामा गेले त्याला सहा वर्षं झाली. मातीला पेठेतली माणसं आली, नगरपालिकेतली आली, प्लॉटातले दोन्ही माजी नगरसेवक आले. खाणवस्तीतून कोणी आलं नाही. यल्लव्वा आहे अजून, थकली आहे. वस्तीला आता नवी टाकी मिळाली आणि पाणी येतं. गावी गेले की बाजारात भेटते, माझा हात हातात घेते आणि बरोबरच्या बायांना सांगते की हीच ती, सासऱ्याला भ्याली न्हाई. मी हात सोडवून घेत नाही.